नाशिकमध्ये पायी चालताना रस्ते अपघातात गेलेल्यांची नोंदवही कशी ठेवावी

गल्लीत डेंग्यूचा एक रुग्ण निघाला की महापालिकेची माणसं येतात, कुंड्या आणि टाक्या तपासतात, शेजारच्या घरांत कुणाला ताप आहे का ते विचारतात. त्याच गल्लीतले एक आजोबा दूध आणायला निघाले असताना रस्त्यावर वाहनाच्या धडकेने गेले, तर पंचनामा होतो, गुन्हा दाखल होतो आणि पेपरात चार ओळी येतात. महिनाभराने तिथेच दुसरं कुणी गेलं, तर ते पहिल्याशी जोडून पाहण्याचं काम कुणाच्याच टेबलावर नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत रस्त्यावरचे मृत्यू वाहतुकीच्या नव्हे, तर आरोग्याच्या उद्दिष्टाखाली, ३.६ या क्रमांकावर आहेत. म्हणजे मोजणी आरोग्याच्या शिस्तीने व्हायला हवी: कोण, कुठे, केव्हा, कशाने, आणि किती जण मोजणीतून निसटले.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली. त्यातले ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे साधारण १९.५ टक्के. पण हा आकडा पोलिसांच्या तक्त्यातून आलेला आहे. आयआयटी दिल्लीच्या संशोधकांनी थेट एफआयआर वाचून मोजणी केली, तेव्हा पादचाऱ्यांचा वाटा सरकारी तक्त्यापेक्षा बराच मोठा निघाला. एकूण मृत्यूंचंही तसंच. २०१६ साठी सरकारी आकडा दीड लाखाच्या आसपास होता, तर जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज जवळपास तीन लाखांचा. तेव्हा 'नाशिकचा आकडा किती?' असं कुणी विचारलं की आधी विचारावं, कुठल्या वहीतला?

प्रभागातला नागरिक गट, कम्युनिटी मेडिसिनचे किंवा समाजकार्याचे विद्यार्थी, एखादा चिवट पत्रकार, यांपैकी कुणालाही हे काम जमेल. एक स्प्रेडशीट, थोडी चिकाटी आणि पोलिसी मराठी वाचायची सवय एवढं भांडवल पुरतं.

आधी हद्द

नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक आणि नाशिक रोड. पोलीस आयुक्तालयाची हद्द याच्याशी तंतोतंत जुळत नाही. देवळाली कॅम्प पोलीस ठाणं आयुक्तालयात आहे, पण देवळाली छावणी महापालिकेत नाही. सिन्नर, इगतपुरी, दिंडोरी, निफाड हे नाशिक ग्रामीण पोलिसांकडे. शिवाय सिन्नरजवळ धडक बसलेला माणूस शेवटचा श्वास नाशिकच्या सिव्हिलमध्ये घेतो, आणि जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद तो जिथे झाला तिथेच होते. म्हणून महापालिकेच्या मृत्यू नोंदींत सुरगाण्याचा माणूसही सापडेल आणि जव्हारचाही.

सुरुवातीलाच एक ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा: आपण धडक कुठे झाली ते मोजणार, माणूस कुठे मेला ते नाही. आयुक्तालयाची हद्द घेणं सगळ्यांत सोयीचं, कारण बाकी सगळं पोलीस ठाण्याच्या नावाला बांधलेलं असतं.

पादचारी कोण, आणि मृत्यू कधीपर्यंत

आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत पादचाऱ्यांसाठी व्ही ०१ ते व्ही ०९ असे कोड आहेत. धडक सायकलीची असेल तर ०१, दुचाकी-तीनचाकीची असेल तर ०२, कार किंवा पिकअपची ०३, ट्रक-बसची ०४. ०५ आगगाडीसाठी आहे, तो आपल्या मोजणीतून वगळा. रुळांवरचे मृत्यू रेल्वे पोलिसांकडे जातात आणि त्यांचे उपायही वेगळे असतात.

पादचारी या शब्दात आपण समजतो त्यापेक्षा जास्त माणसं येतात. हातगाडी ढकलणारा भाजीवाला, व्हीलचेअरवरचा माणूस, पंक्चर झालेलं चाक बदलायला खाली उतरलेला चालक हे सगळे या वर्गीकरणात पादचारी आहेत. रस्ता झाडणारी सफाई कामगार, एसटीतून उतरून पलीकडे निघालेली बाई, बंद पडलेली मोटारसायकल हाताने ढकलत नेणारा मुलगा यांनाही त्यातच धरा. गोंधळ होतो तो याच लोकांबाबत: मोटारसायकल ढकलणारा हमखास 'दुचाकीस्वार' म्हणून लागतो.

मुदत ३० दिवसांची. धडकेपासून ३० दिवसांच्या आत त्या जखमांनी मृत्यू आला तर तो रस्त्यावरचा मृत्यू, ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटनाही वापरते आणि आपलं मंत्रालयही. एकतिसाव्या दिवशी गेलेल्याची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा, टाकून देऊ नका.

पहिली वही: पोलिसांची

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर, संवेदनशील गुन्हे सोडून, एफआयआर संकेतस्थळावर टाकणं पोलिसांना बंधनकारक झालं. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर 'प्रकाशित एफआयआर' या भागात आयुक्तालय, पोलीस ठाणं आणि तारीख निवडून त्या बघता येतात. पंचवटी, आडगाव, म्हसरूळ, भद्रकाली, सरकारवाडा, मुंबई नाका, गंगापूर, सातपूर, अंबड, इंदिरानगर, उपनगर, नाशिक रोड असं ठाणेवार जा. काम कंटाळवाणं आहे. दोघांनी वाटून घेतलं तर बरं.

कलमं लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. हयगयीने मृत्यूसाठी कलम १०६(१), भरधाव वाहन चालवण्यासाठी २८१. त्याआधीच्या गुन्ह्यांत हेच ३०४(अ) आणि २७९ म्हणून दिसेल. अपघातानंतर थांबून मदत न करणाऱ्या चालकावर मोटार वाहन कायद्याचं १३४ लागतं. ते दिसलं की बहुतेक वेळा 'अज्ञात वाहन' असतं.

एफआयआरची भाषा ठरावीक असते. 'स्वतःच्या ताब्यातील वाहन हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून' हे प्रत्येकीत येणार, त्यातून काहीच कळत नाही; ते डोळ्यांआड करा. तुम्हाला हवं ते पुढच्या-मागच्या वाक्यांत असतं: 'पायी जात असताना', 'रस्ता ओलांडत असताना', 'रस्त्याच्या कडेला उभे असताना', 'काम आटोपून घरी येत असताना'. शेवटच्या वाक्यात माणूस पायी होता की गाडीवर, हे कित्येकदा लिहिलेलंच नसतं. ते दोन ओळी खाली 'मोटारसायकलचे नुकसान' आलं की कळतं. नुकसानीचा उल्लेखच नसेल तर पादचारी असण्याची शक्यता मोठी. अशी नोंद 'संशयित' म्हणून वेगळी ठेवा, मनाने ठरवू नका.

आता या मोजणीतली सगळ्यांत मोठी गळती. माणूस जखमी असताना गुन्हा दाखल होतो तेव्हा मृत्यूचं कलम नसतं. दुखापतीचं १२५ आणि २८१ एवढंच असतं. आठ-दहा दिवसांनी तो जातो, मग तपासी अंमलदार 'कलम वाढ' करतो. ही वाढ पोर्टलवरच्या मूळ एफआयआरमध्ये दिसत नाही. फक्त १०६ शोधत बसलात तर रुग्णालयात झुंजून गेलेले सगळे सुटतील, आणि त्यांत म्हातारी माणसं अधिक असतात, कारण साध्या मांडीच्या हाडाच्या फ्रॅक्चरनंतरही ती अंथरुणाला खिळून जातात. तेव्हा दुखापतीच्या कलमांच्या पादचारी एफआयआरही उतरवून घ्या आणि प्रत्येकीपुढे 'पुढे काय झालं?' असा रिकामा रकाना ठेवा.

तो रकाना भरायला माहिती अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज पोलीस आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. चार विषय कोंबले की परत येतो. नावं मागू नका, गरजही नाही. मागायचं ते असं: 'दि. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात आयुक्तालय हद्दीतील प्रत्येक प्राणांतिक अपघाताचा गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), पोलीस ठाणे, घटनेची तारीख व वेळ, ठिकाण, मयताचे वय व लिंग, मयत पादचारी/दुचाकीस्वार/इतर, धडक देणाऱ्या वाहनाचा प्रकार, मृत्यूची तारीख, आणि नंतर कलम वाढ झालेल्या गुन्ह्यांची यादी.' हीच माहिती आता पोलीस ई-डार या संगणक प्रणालीत भरतात, त्यामुळे 'माहिती एकत्रित उपलब्ध नाही' हे उत्तर आलं तर पहिलं अपील जरूर करा.

एक रकाना मात्र मुद्दाम ठेवू नका: चूक कुणाची. तो कोर्टाचा प्रश्न आहे. तो वहीत आला की चर्चा 'बघून चालायला काय होतं' यावर जाते, आणि पुढचा माणूस त्याच जागी जातो.

दुसरी वही: रुग्णालय आणि अकस्मात मृत्यू

रुग्णालयात गेलेल्याची खबर आधी रुग्णालय ज्या ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे जाते. तिथे अकस्मात मृत्यूची नोंद होते (नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४, पूर्वीचं १७४) आणि कागद घटनास्थळाच्या ठाण्याकडे वर्ग होतात. वर्ग होताना वेळ जातो. एकच मृत्यू दोन ठाण्यांत दिसू शकतो किंवा दोन्हीकडे दिसणार नाही असंही होतं. अर्ज करताना अकस्मात मृत्यूच्या नोंदी 'वाहन अपघात' या कारणासाठी वेगळ्या मागा.

रुग्णालयाची एमएलसी वही (पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या रुग्णांची) आणि शवविच्छेदनाची वही म्हणजे खजिना, पण त्या कुणालाही उघड्या नसतात आणि नसाव्यातही. विद्यार्थी असाल तर कॉलेजच्या नैतिक समितीची मंजुरी घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांकडे अर्ज करा. नागरिक गट असाल तर वह्यांच्या मागे न लागता महिनावार गोषवारा मागा. म्हसरूळला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा हा विषय झाला तर अर्धा प्रश्न सुटतो.

तिसरी वही: मृत्यू नोंदणी

रुग्णालयातल्या मृत्यूसाठी डॉक्टर 'नमुना ४' भरतात. त्यात तात्काळ कारण, त्यामागचं कारण, मूळ कारण अशा ओळी असतात, शिवाय मृत्यू नैसर्गिक, अपघाती, आत्महत्या की खून, आणि 'इजा कशी झाली?' असा प्रश्न असतो. सगळं शहाणपण या शेवटच्या प्रश्नात आहे, आणि तोच कोरा राहतो. वरच्या ओळीत 'डोक्याला गंभीर इजा' किंवा नुसतं 'हृदयक्रिया बंद' लिहिलं की कोड लावणाऱ्याला व्ही ०४ लावता येत नाही. त्याच्या हाती 'अनिर्दिष्ट अपघात' एवढंच उरतं, आणि पादचारी तिथे नाहीसा होतो.

तुमच्या ओळखीत निवासी डॉक्टर असतील तर त्यांना एवढंच सांगा: 'पायी जाणाऱ्यास ट्रकची धडक, सार्वजनिक रस्ता' हे शब्द त्या ओळीत लिहा. एका वाक्याने नोंद कामाची होते. या वहीतून पूर्ण मोजणी होईल अशी आशा मात्र धरू नका.

स्थानिक पेपर हा चौथा आधार. त्यांच्यात मोठ्या रस्त्यांवरचे, तरुणांचे आणि जागीच झालेले मृत्यू जास्त येतात. नांदूर नाक्याजवळच्या मजुराची बातमी होतेच असं नाही. मोजायला नव्हे, ताडून पाहायला वापरा.

वह्या एकमेकींवर ठेवून पाहणं

आता जुळवणी. नाव नसलं तरी चालतं: घटनेची तारीख (एक दिवस मागे-पुढे), लिंग, वय (दोन वर्षं इकडे-तिकडे), ठिकाण आणि वाहन. पाचपैकी चार जुळले तर एकच माणूस. तीन जुळले तर दोघांनी स्वतंत्रपणे पाहून ठरवा. रात्री बारानंतरच्या घटनांत तारीख हमखास चुकते.

समजा, पोलिसांच्या वहीत ४० मृत्यू आहेत, रुग्णालयाच्या वहीत ३०, आणि २४ दोन्हीकडे आहेत (हे आकडे फक्त समजावण्यासाठी). हाती आलेली वेगळी माणसं झाली ४६. दोन्ही वह्यांतून सुटलेली किती असतील, याचा अंदाज असा: तिन्ही आकड्यांत १ मिळवा, मग ४१ गुणिले ३१, भागिले २५, त्यातून १ वजा. एकूण मृत्यू येतात जवळपास ५०. म्हणजे चार माणसं कुठेच नाहीत. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कराचीच्या अभ्यासात याच पद्धतीने दिसलं होतं की सरकारी आकड्यांत ५६ टक्केच मृत्यू पकडले गेले होते. गंभीर जखमी तर अवघे ४ टक्के.

या गणिताची एक अट आहे: दोन वह्या एकमेकींवर अवलंबून नसाव्यात. आपल्याकडे रुग्णालयच पोलिसांना कळवतं, त्यामुळे अट पूर्ण पाळली जात नाही आणि अंदाज खऱ्यापेक्षा कमीच येतो. तो 'किमान' म्हणून लिहा.

जागा आणि वेळ

एफआयआरमधलं 'द्वारका' म्हणजे नेमकं काय? पुलाखाली, पुणे रस्त्याच्या तोंडावर, की सर्व्हिस रोडवर? पाथर्डी फाट्याचं तेच. नकाशावर ठिपका टाकण्याआधी प्रत्येक नोंदीला एक खूण लावा: मुख्य रस्ता, सर्व्हिस रोड, पुलाचा उतार, चौक, किंवा दोन चौकांमधला भाग. एफआयआरमध्ये 'अमुक हॉटेलसमोर, ओझरकडे जाणाऱ्या बाजूला' असं असतं. ती बाजू टिपून ठेवा. नकाशासाठी क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे.

मंत्रालयाची ब्लॅक स्पॉटची व्याख्या राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे: साधारण ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा १० मृत्यू. मुंबई-आग्रा रस्त्याला ती लागू पडते. सीबीएस बसस्थानकापासून शालिमारकडे ५०० मीटर चाललात तर मात्र वाटेत किती गल्ल्या, किती थांबे लागतात. शहरात पादचारी एका ठिकाणी नाही, एका रस्त्याच्या लांबीवर मरतात. म्हणून चौकाऐवजी रस्ता हे एकक धरा आणि वर्षाऐवजी तीन वर्षं एकत्र करा.

मग त्या जागी, त्या वेळेला जाऊन उभं राहा. नोंदी संध्याकाळच्या असतील तर सकाळी जाऊन उपयोग नाही. अंबड-सातपूरला पाळी सुटताना जा. दुभाजकाच्या जाळीला कुठे भगदाड पाडलंय ते बघा. लोक तिथून जातात कारण बसथांबा तिथे आहे. दिवे लागतात का पाहा. आणि सिग्नलची वेळ मोजा: रस्ता २४ मीटर रुंद असेल, तर नियोजनात धरतात त्या सेकंदाला १.२ मीटर वेगाने ओलांडायला २० सेकंद लागतात. काठी घेतलेली आजी ०.८ मीटरने चालते; तिला ३० लागतात. मधले दहा सेकंद ती वाहनांच्या मध्ये असते. वेगाचंही असंच: ५० ऐवजी ६५ किलोमीटरने आलेल्या कारच्या धडकेत पादचारी मरण्याचा धोका साडेचार पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्री मोकळ्या झालेल्या रस्त्यावर नेमकं हेच घडतं.

दर काढताना

२०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार होती; पुढची जनगणना २०२७ ची. ५० मृत्यू जुन्या लोकसंख्येवर काढले तर लाखामागे ३.४ येतात, २० लाख धरले तर २.५. म्हणून दर छापताना कुठली लोकसंख्या धरली ते त्याच ओळीत लिहा. आणि ती आयुक्तालयाच्या हद्दीशी जुळते का, हेही.

छोट्या आकड्यांवर उड्या मारू नका. ढोबळ हिशेब असा: आकड्याचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढं वर-खाली नुसत्या योगायोगाने होऊ शकतं. ४९ मृत्यू असतील तर ३५ ते ६३. पुढच्या वर्षी ४० झाले म्हणून कुणी 'घट' जाहीर केली तर हा हिशेब दाखवा. ६० झाले म्हणून तुम्हीही ओरडू नका.

वयाप्रमाणे फोड नक्की करा. सत्तरीपर्यंतचं आयुष्य धरून प्रत्येकाची गेलेली वर्षं मोजली तर २२ वर्षांच्या कामगाराची ४८ होतात. पण त्या हिशेबात सत्तरीपुढच्यांची किंमत शून्य होते, म्हणून तो एकटा देऊ नका.

यात्रेकरू वेगळे मोजा. पौष वारीला त्र्यंबकेश्वरकडे निघालेल्या दिंड्या, सप्तशृंगीला पायी जाणारे, शिर्डीला पायी जाणारे हे महामार्गाच्या कडेने पहाटे आणि रात्री चालतात. २०२६-२७ च्या सिंहस्थात तर शहराच्या लोकसंख्येने भागणं निरर्थक ठरेल. त्यांच्यासाठी दर नाही, फक्त संख्या, जागा आणि वेळ.

कुणाला द्यायचं

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते. तिला जाडजूड अहवाल नको, एका रस्त्याचं एक पान द्या: नकाशा, तीन वर्षांची संख्या, वेळ, वाहन, आणि तिथे उभं राहून पाहिलेलं. हीच प्रत महापालिकेच्या आरोग्य विभागालाही द्या, नुसती बांधकाम विभागाला नाही. पानावर नाव, गु.र.नं. किंवा घरापर्यंत पोहोचवणारा पत्ता जाता कामा नये.

काम करताना एखादं कुटुंब भेटलं आणि वाहन अज्ञात असेल, तर त्यांना सांगा: धडक देऊन पळालेल्या वाहनाच्या मृत्यूत २ लाख रुपयांची भरपाई आहे, १ एप्रिल २०२२ पासून. अर्ज तालुक्याच्या किंवा उपविभागाच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे जातो. बऱ्याच घरांना हे माहीतच नसतं.

आणि वर्ष ३१ डिसेंबरला बंद करू नका. त्या दिवशी धडक बसलेला माणूस ३० जानेवारीपर्यंत त्याच वर्षाच्या वहीत येऊ शकतो, आणि त्याची कलम वाढ त्यानंतरही होऊ शकते. माहितीचा अर्ज फेब्रुवारीच्या शेवटी टाका, उत्तर मार्चअखेरीस येईल. आकडा तोपर्यंत 'तात्पुरता' म्हणूनच छापा.